वानरांची टोळी आणि हॅस्केलमधलं वर्गसमीकरण

मागच्या व्याख्यानात आपण हॅस्केलमधल्या याद्या, म्हणजे लिस्ट, पाहिल्या. आज वर्गसमीकरण सोडवायचं आहे. पण संगणक जरा बाजूला राहू द्या, आधी एक कोडं.

वानरांची एक टोळी आहे. टोळीचा आठवा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा. तेवढी वानरं रानात उड्या मारताहेत. उरलेली १२ टेकडीवर बसून ओरडताहेत. टोळीत एकूण वानरं किती?

जळगावच्या वर्गात हे विचारलं तेव्हा मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘अठ्ठेचाळीस!’ पडताळून पाहू. ४८ चा आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६, त्यात १२ मिळवले की ४८. बरोबर. सगळे वही मिटायला लागले, तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, ‘सर, सोळा पण येतं.’ १६ चा आठवा हिस्सा २, वर्ग ४, अधिक १२, झाले १६. हेही बरोबर! मग खरं उत्तर कोणतं, यावर वर्गात दहा मिनिटं वाद झाला. धुळ्यालाही तेच झालं, फक्त तिथे सोळा आधी आलं आणि अठ्ठेचाळीस नंतर.

आजचं सगळं व्याख्यान या वादाभोवती आहे. सूत्र तुम्हाला दहावीपासून पाठ आहे, ते टंकायला दोन मिनिटं लागतात. अडतं ते पुढे: आपला प्रोग्राम उत्तर म्हणून नेमकं काय देणार आहे? एक संख्या? दोन? की कधीकधी काहीच नाही? हॅस्केल हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच ओळीत विचारतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सोडत नाही. नवशिक्याला सुरुवातीला त्याचा राग येतो. आम्हालाही आला होता.

वानरांचं कोडं आमचं नाही. ते भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातलं आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यांचं गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, त्यात आपण पडणार नाही. पण खानदेशाशी त्यांचं नातं दगडावर कोरलेलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला, आपण पाटणादेवीला जातो ना, तिथे १२०७ सालचा शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं, असं तो लेख सांगतो. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालातून मठाला काय द्यायचं, याची ती नोंद आहे. म्हणजे बाजाराच्या पैशावर चालणारा गणिताचा वर्ग! जळगावची गाडी आणि धुळ्याची गाडी दोन्ही चाळीसगावला येऊन मिळतात, तेव्हा एखाद्या रविवारी जाऊन या.

आता पद्धत. भास्कराचार्य वर्गसमीकरण सोडवण्याला मध्यमाहरण म्हणतात, म्हणजे मधलं पद काढून टाकणं. आपल्याकडे अभिमानाने ‘भास्कराचार्यांचं सूत्र’ म्हणतात, पण ते स्वतः ही रीत श्रीधराचार्यांच्या नावावर देतात. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. त्यांची रीत आपल्यापर्यंत पोचली ती भास्कराचार्यांनी ती नाव घेऊन उतरवून ठेवली म्हणून. रीत अशी: क्ष आणि क्ष² एका बाजूला, साधी संख्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं, आणि मग क्ष च्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा.

उदाहरण घेऊ: क्ष² - ५५क्ष = -२५०. चौपट केली: ४क्ष² - २२०क्ष = -१०००. ५५ चा वर्ग ३०२५ मिळवला, की डावीकडे (२क्ष - ५५)² तयार, उजवीकडे २०२५. मूळ ४५, धन किंवा ऋण. म्हणून २क्ष = १०० किंवा १०, क्ष = ५० किंवा ५. बघा, शेवटच्या पायरीपर्यंत एकही अपूर्णांक आला नाही. शाळेत आपण आधी सगळ्याला ए ने भागतो आणि अपूर्णांकांत अडकतो. श्रीधराचार्यांनी भागाकार शेवटी ठेवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, संगणकावर ती पुन्हा लागणार आहे.

हे ५० आणि ५ कुठून आले तेही सांगतो, कारण तीसुद्धा वानरंच आहेत. दुसरी टोळी. टोळीच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करा, जे उरेल त्याचा वर्ग करा. तेवढी वानरं गुहेत शिरली. एकटं एक फांदीवर दिसतंय. टोळी केवढी? समीकरण मांडून सरळ केलं की वरचंच येतं. ५० घेतले तर पाचवा हिस्सा १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचं १. जमलं. आता ५ घेऊन पाहा. पाचवा हिस्सा १, त्यातून ३ वजा, राहिले -२. वर्ग ४, अधिक १, पाच. समीकरण जुळतं! पण एका वानरातून तीन वानरं वजा कशी करणार? भास्कराचार्य इथे ५ हे उत्तर नाकारतात: ते इथे लागू पडत नाही, अशी ऋण संख्या लोक मान्य करत नाहीत, असं त्यांचं कारण. पहिल्या कोड्यात मात्र ४८ आणि १६ दोन्ही त्यांना मान्य. तेच सूत्र, तशीच दोन मुळं, आणि निर्णय वेगळा. कारण निर्णय सूत्राचा नाही, कोड्याचा आहे.

आता फळ्याकडे. एक सूचना: या लिखित रूपात कोड आम्ही वाचून दाखवला तसा देवनागरीत दिला आहे. टंकताना रोमन अक्षरं आणि रोमन अंक वापरा. ए, बी, सी, डी आणि फंक्शनचं नाव लहान लिपीत. ‘डबल’ या प्रकाराचं पहिलं अक्षर मात्र मोठ्या लिपीत. हॅस्केलमध्ये मोठ्या अक्षराने सुरू होणारं नाव प्रकाराचं वगैरे असतं, लहान अक्षराने सुरू होणारं मूल्याचं किंवा फंक्शनचं. आपल्या लिपीत लहानमोठं असं काही नसल्यामुळे ही चूक आपल्याकडे फार होते. ‘एसक्यूआरटी’ म्हणजे वर्गमूळ काढणारं तयार फंक्शन.

रूट्स :: डबल -> डबल -> डबल -> [डबल]
रूट्स ए बी सी
  | डी < ०  = []
  | डी == ०  = [-बी / (२ * ए)]
  | अदरवाइज  = [(-बी + एसक्यूआरटी डी) / (२ * ए), (-बी - एसक्यूआरटी डी) / (२ * ए)]
  व्हेअर
    डी = बी * बी - ४ * ए * सी

पहिली ओळ म्हणजे करारनामा. तीन डबल द्या, डबलची यादी मिळेल. चौकटी कंसाकडे लक्ष द्या, आजचा सगळा मुद्दा त्या दोन कंसांत आहे. यादी रिकामी असू शकते, तिच्यात एक संख्या असू शकते किंवा दोन. ‘एक संख्या देतो’ असा करार केला असता तर दुसऱ्या मुळाचं काय करायचं ते आपल्याला लपवावं लागलं असतं, आणि मुळंच नसतील तेव्हा खोटं बोलावं लागलं असतं.

उभ्या रेघा म्हणजे गार्ड, पहारेकरी. वरून खाली एकेक अट तपासली जाते, पहिली खरी ठरेल तिची उजवी बाजू उत्तर. ‘अदरवाइज’ म्हणजे बाकी सगळं. डी हा आपला विवेचक. ‘व्हेअर’खालच्या ओळीतलं बरोबरीचं चिन्ह बाकीच्या भाषांसारखं ‘या डब्यात हे ठेव’ असं नाही सांगत; गणिताच्या वहीत असतं तसंच आहे, डी म्हणजे हे, बस्स. एकदा ठरलं की डी बदलत नाही. दुसऱ्या भाषा शिकून आलेल्यांना इथे अडखळायला होतं, नुकतं दहावी झालेल्यांना अजिबात नाही. धुळ्याच्या वर्गात आम्ही हे दोन्ही बाजूंनी पाहिलं.

चालवून पाहू. पहिली टोळी: क्ष²/६४ - क्ष + १२ = ०. जीएचसीआयमध्ये टंका: रूट्स (१/६४) (-१) १२. उत्तर, [४८.०,१६.०]. मुलीचं आणि मागच्या बाकाचं, दोघांचंही.

त्या -१ भोवतीचा कंस विसरलात तर? हॅस्केल त्याला वजाबाकी समजतो: ‘रूट्स (१/६४)’ यातून ‘१ १२’ वजा कर. फंक्शनमधून संख्या वजा करायला सांगितल्यावर तो लांबलचक तक्रार छापतो, आणि त्या तक्रारीत कंसाचा उल्लेखही नसतो. नवशिक्यांची सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक आमच्या पाहण्यात हीच. ऋण संख्या दिली की कंस, सवयच लावून घ्या.

दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण तिथे कोणी तक्रारच करत नाही. शेवटी ‘/ (२ * ए)’ ऐवजी ‘/ २ * ए’ लिहिलं तर आधी २ ने भागलं जातं आणि मग ए ने गुणलं जातं. ए जर १ असेल तर काही बिघडत नाही! आमच्या पहिल्या प्रोग्राममध्ये हीच चूक होती. आम्ही तपासायला घेतलेल्या सगळ्या उदाहरणांत क्ष² चा सहगुणक १ होता, त्यामुळे कित्येक आठवडे उत्तरं बरोबर येत राहिली. मग एकाने २क्ष² - १०क्ष + १२ = ० दिलं. उत्तर यायला हवं ३ आणि २, आलं १२ आणि ८. तपासणीला नेहमी एक असं उदाहरण घ्या जिथे ए १ नाही.

विवेचक ऋण असेल तर? ऋण संख्या हा कशाचा वर्ग नाही, म्हणून तिला मूळ नाही, असं भास्कराचार्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. आपला पहिला गार्ड तेच म्हणतो: रिकामी यादी. हा गार्ड काढून टाका आणि क्ष² + क्ष + १ = ० देऊन पाहा. प्रोग्राम थांबत नाही, ओरडत नाही. एनएएन असं छापतो, म्हणजे ‘ही संख्याच नाही’. पुढे ते कशात मिळवा, कशाने गुणा, एनएएनच राहतं, आणि चार पानांनंतर बेरजेत सापडतं. शोधा मग कुठून आलं ते! संमिश्र संख्या हव्या असतील तर हॅस्केलमध्ये त्यांचा वेगळा प्रकार आहे, पण मग करारनामाही वेगळा लिहावा लागेल.

आता दुसरी टोळी. रूट्स १ (-५५) २५० दिलं की [५०.०,५.०] येतं, आणि तसंच यायला हवं. पाच नाकारायचे आहेत म्हणून ‘रूट्स’मध्ये हात घालू नका. पहिल्या टोळीची दोन्ही उत्तरं तिथूनच येतात. नाकारण्याची अट वेगळी लिहा:

गुहेत क्ष = क्ष / ५ - ३ >= ०

मग म्हणा: फिल्टर गुहेत (रूट्स १ (-५५) २५०). उत्तर, [५०.०]. समीकरण काय म्हणतं ते ‘रूट्स’ला माहीत, वानरं काय म्हणतात ते ‘गुहेत’ला. भास्कराचार्यांनीही आधी दोन्ही मुळं काढली आणि मगच त्यातलं एक सोडलं.

हे फक्त कोड्यात होतं असं नाही. धुळ्याहून येताना एका शेतावर थांबलो होतो. विहिरीवर नवा पाइप टाकायचा होता, पाणी किती खोल आहे याचा अंदाज हवा होता. खडा टाकला, टाकल्यापासून ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत २ सेकंद. नुसतं पडण्याचं सूत्र लावलं तर ४.९ गुणिले २ चा वर्ग, १९.६ मीटर. पण त्या २ सेकंदांत आवाज वर यायचा वेळही आहे. खडा टी सेकंद पडला असं धरा. आवाजाचा वेग आपल्या उन्हात सेकंदाला साधारण ३५० मीटर. खाली जाताना ४.९टी² मीटर, वर येताना ३५०(२ - टी) मीटर, अंतर तेच. म्हणजे ४.९टी² + ३५०टी - ७०० = ०. रूट्स ४.९ ३५० (-७००) दिलं की सुमारे १.९४७ आणि सुमारे -७३.४ अशी दोन मुळं येतात. दुसऱ्याचा अर्थ खडा टाकण्याआधी सव्वा मिनिट, तो फिल्टर करा. राहिलं १.९४७, त्यावरून पाण्यापर्यंतचं अंतर सुमारे १८.६ मीटर. पहिल्या हिशेबापेक्षा एक मीटर कमी, म्हणजे तीन फूट पाइप. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र वेगळाच होता: घड्याळ दाबायला उशीर झाला तर? दहाव्या हिस्सा सेकंदाची चूक झाली तर जवळजवळ दोन मीटरचा फरक पडतो. त्यांनी दोराला दगड बांधून मोजलं.

आता श्रीधराचार्यांचा भागाकार शेवटी ठेवण्याचा मुद्दा. क्ष² - ०.२क्ष + ०.०१ = ०. हे (क्ष - ०.१)² आहे, म्हणून मूळ एकच, ०.१. संगणकाला विचारा, तो दोन देईल: एक ०.१ च्या किंचित पुढे, एक किंचित मागे, फरक नवव्या दशांश स्थळावर. डबल दोनाच्या पटीत मोजतं, त्यात ०.२ नेमकं बसत नाही. त्याचा वर्ग ०.०४ पेक्षा एक केसभर मोठा निघतो, विवेचक शून्याऐवजी अतिसूक्ष्म धन येतो, आणि दुसरा गार्ड हुकतो. आता समीकरणाला आधी १०० ने गुणा: १००क्ष² - २०क्ष + १ = ०. विवेचक ४०० - ४००, नेमका शून्य, यादीत एकच मूळ. सहगुणक पूर्णांक करता येत असतील तर करून घ्या आणि भागाकार अगदी शेवटी. हॅस्केलमध्ये त्यासाठी ‘इंटिजर’ प्रकार आहे, तो कितीही मोठी संख्या अचूक धरतो. फक्त वर्गमूळ काढण्याआधी ती डबलमध्ये बदलावी लागते, नाहीतर हॅस्केल अडवतो.

याहून मोठी फसगत एका जागी होते, ती थोडक्यात. ए १, बी उणे दहा कोटी, सी १ द्या. लहान मूळ ०.०००००००१ असायला हवं. येतं ०.००००००००७४५, चौथाईने चुकलेलं! दोन जवळजवळ सारख्या प्रचंड संख्यांची वजाबाकी झाली आणि अचूक अंक त्यात गेले. उपाय शाळेतलाच: मुळांचा गुणाकार सी भागिले ए असतो. म्हणून ज्यात बेरीज होते ते मोठं मूळ आधी काढा, आणि सी ला ए व मोठं मूळ यांच्या गुणाकाराने भागून दुसरं.

एक गोष्ट राहिली, ती धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिली. ए शून्य दिला तर? २क्ष - ४ = ० चं उत्तर २. आपलं फंक्शन मात्र शून्याने भागतं आणि एक एनएएन, एक उणे अनंत असं काहीतरी देतं. हे सोपं आहे, सगळ्यात वर एक गार्ड टाका: ए शून्य असेल तर [-सी / बी]. ‘आणि बी पण शून्य असला तर?’ तर सी वर आहे. सी शून्य नसेल तर मूळ नाही, रिकामी यादी. ‘आणि तिन्ही शून्य?’ मग कोणतीही संख्या चालते, आणि ते आपल्या यादीत सांगताच येत नाही! करारनामा अपुरा पडला. हॅस्केलमध्ये अशा वेळी स्वतःचा प्रकार करता येतो:

डेटा उत्तर = मुळं [डबल] | बठ्ठा

अहिराणीतला ‘बठ्ठा’, म्हणजे सगळं. नाव त्याच विद्यार्थ्याने सुचवलं, आणि जळगावलाही तेच ठेवलं. आता ‘रूट्स’चा करार ‘उत्तर’ देण्याचा होईल, आणि जो कोणी ते वापरेल त्याला ‘मुळं’ आणि ‘बठ्ठा’ दोन्हींचा विचार करावा लागेल. विसरला तर, इशारे चालू ठेवले असतील तर, हॅस्केल त्याला आठवण करून देईल.

घरी करायला एक. हेही भास्कराचार्यांचंच, ‘लीलावती’तलं, आमच्या शब्दांत. भुंग्यांचा एक थवा आहे. थव्याच्या निम्म्याचं जे वर्गमूळ तेवढे भुंगे एका झुडपावर गेले. थव्याचे आठ नवमांश दुसरीकडे. राहिले दोन. थवा केवढा? थवा २य² धरा, म्हणजे वर्गमूळ जातं आणि २य² - ९य - १८ = ० मिळतं. इथे ए दोन आहे, कंस तपासून घ्या. यादीतल्या एका मुळावरून थवा साडेचार भुंग्यांचा निघेल. ते उत्तर कोणत्या अटीने गळतं ती फिल्टरची ओळ लिहून आणा. ‘भुंगा अर्धा नसतो’ ही एक अट झाली, पण त्याच्याही आधी लागणारी दुसरी एक आहे.